अम्मीची सफर आणि गाडीचा हीटर

गेल्या हिवाळ्यात अम्मी तीन महिन्यांसाठी आमच्याकडे तबूकला आली होती. अब्बांचा इंतकाल झाल्यापासून ती चिपळूण सोडून कुठेच गेली नव्हती. मदिन्याला जायचं, उमरा करायचा आणि नातवंडांत राहायचं, एवढीच तिची इच्छा होती. सौदी म्हणजे उकाड्याचा देश, या समजुतीने तिने बॅगेत कोकम, मेतकूट, सुके बोंबील असं सगळं भरलं. स्वेटर मात्र घरीच ठेवला.

तिची चूक नव्हती. आपल्याकडे बहुतेकांची हीच समजूत असते. पण तबूक सौदीच्या वायव्य टोकाला, जॉर्डनच्या हद्दीजवळ आहे. शहर समुद्रसपाटीपासून पाऊण हजार मीटरहून उंचावर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ उतरतो, कधी त्याखालीही जातो. पश्चिमेकडचा जबल अल-लौज अडीच हजार मीटरहून उंच आहे आणि काही वर्षी त्याच्यावर बर्फ पडतं. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गारठा, असा हा मुलूख.

मी इथे एकोणीस वर्षं एअरकंडिशनर दुरुस्तीचं काम करतो. लोकांच्या खोल्या थंड करणं हा माझा धंदा. आणि त्याच हिवाळ्यात माझ्या आईला मी माझ्या गाडीत ऊब देऊ शकलो नाही. ही हकीकत त्याचीच आहे.

आमची गाडी म्हणजे १९९६ची जुनी लँड क्रूझर. चार वर्षांपूर्वी ऑगस्टच्या उन्हात मी ती एका ओळखीच्या माणसाकडून घेतली. त्याने गाडी चालू करून मला डॅशबोर्डवरचा काटा दाखवला. म्हणाला, "बघ, एवढ्या उन्हात काटा कुठे आहे? हे इंजिन कधी तापतच नाही." मी खूश झालो. शेतांकडच्या वाळूच्या वाटांवरून कामाला जायला आणि घरच्या सहा माणसांना न्यायला ती बरी होती. थंडीत तिचा हीटर कमी पडतो हे आम्हाला ठाऊक होतं. पण शहरातल्या शहरात दहा-पंधरा मिनिटं जायचं, अंगात जाकीट असायचं. कोण लक्ष देतो?

डिसेंबरमध्ये एका गुरुवारी काम सुटल्यावर, मगरिबनंतर आम्ही मदिन्याला निघालो. तैमा आणि खैबरवरून जाणारा हा रस्ता साडेसहाशे-सातशे किलोमीटरचा आहे. शहर मागे पडलं आणि मी हीटरचा खटका पूर्ण लाल बाजूला सरकवला. वारा जोरात आला, पण कोमट. पुढे एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गाडी जितकी वेगाने पळवावी तितका तो वारा गार होई. वाटेत कुठे पाच मिनिटं उभं राहिलं की थोडा बरा येई. तेव्हा मी हे नुसतं पाहिलं. त्याचा अर्थ मला कळला नाही.

अम्मी मधल्या सीटवर शाल गुंडाळून बसली होती. मी दर अर्ध्या तासाने विचारायचो, "अम्मी, थंडी वाजतेय का गं?" ती म्हणायची, "नाही रे, तू समोर बघ." तैम्याच्या पेट्रोल पंपावर उतरलो तेव्हा तिला चहाचा कप धरता येईना, इतकी बोटं आखडली होती.

चहाच्या टपरीवरच्या माणसाला दया आली. त्याने तुपाच्या रिकाम्या डब्यात चार निखारे घालून दिले. म्हणाला, "पायाशी ठेवा, काचा बंद करा, मदिन्यापर्यंत ऊब राहील." खरं सांगतो, मी डबा हातात घेतला होता. बायको म्हणाली, "काचा बंद करून? मुलं झोपणार आहेत मागे." मी थांबलो. बंद जागेत निखारे जळले की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला फक्त झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. इथे थंडीत बंद खोलीत किंवा तंबूत निखारे ठेवून झोपलेल्यांचे असे मृत्यू होतात आणि नागरी संरक्षण खातं लोकांना तसं बजावत असतं. मी स्वतः हवेच्या मशीनवर काम करणारा माणूस. तरी आईचे आखडलेले हात बघून माझी अक्कल क्षणभर बाजूला गेली होती. निखारे तिथेच वाळूत विझवले.

मग बायकोने गरम पाण्याची रबरी पिशवी भरून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि अम्मीच्या पायाशी ठेवली. अम्मी म्हणाली, "आता बरं वाटतंय." आम्हीही निश्चिंत झालो.

मदिन्यात पोचल्यावर तिने मोजे काढले तेव्हा डाव्या पायाच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला होता. टॉवेल कधीतरी सरकला होता आणि पिशवी थेट पायाला लागून राहिली होती. अम्मीला चौदा वर्षं मधुमेह आहे. तिच्या पायांची जाणीव कमी झाली आहे हे आम्हाला माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय होतो हे त्या दिवशी समजलं. पाय भाजला तरी तिला कळलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ड्रेसिंग करून स्पष्ट सांगितलं, अशा पायांना गरम पाण्याची पिशवी नको, शेगडी नको, हीटरसमोर पाय धरणंही नको. मोजे घालावेत, आणि ऊब हवी ती सगळ्या खोलीत हवी.

मक्केत तवाफ आणि सई तिला व्हीलचेअरवर करावी लागली. पायी करायची तिची फार इच्छा होती. ती एका शब्दाने काही बोलली नाही. खुर्ची मी ढकलत होतो आणि मला सारखा तो लाल बाजूचा खटका आठवत होता.

परतीचा प्रवास आम्ही उन्हात, दोन दिवसांत तुकडे करून केला. अम्मीचं मुंबईचं विमान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जेद्दाहून होतं. म्हणजे तेवढ्या अवधीत पाय बरा व्हायला हवा होता आणि हीटरही. पायाची काळजी बायकोने घेतली. हीटर माझ्याकडे आला.

पहिले तीन शुक्रवार मी वाया घालवले. माझं काम हवेचं, म्हणून मी दोषही हवेत शोधला. डॅशबोर्डखालचा ब्लोअर काढला. पंख्यात वाळू आणि सुकी पानं अडकली होती, ती साफ केली. वारा आणखी जोरात येऊ लागला, आणि आणखी गार. मोटर कमजोर असेल म्हणून १८० रियालची जुनी मोटर आणून बसवली. काही फरक नाही. आतल्या झडपा तपासल्या, त्या नीट हलत होत्या. ज्याला जे काम येतं, त्याला बिघाडही तिथेच दिसतो.

शेवटी गाडी सनाइयात नेली. सनाइया म्हणजे इथली गॅरेजांची वस्ती. तिथे पाकिस्तानातल्या गुजरांवाल्याचे एक वयस्कर उस्ताद आहेत. मी काय काय केलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बॉनेट उघडून दोन नळ्यांना हात लावलास का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग तू काहीच केलं नाहीस."

त्यांनी जे समजावलं ते इथे लिहितो, कारण कुठल्याही गाडीला ते लागू पडतं. गाडीच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिन तापतं, त्याभोवती फिरणारं पाणी तापतं, आणि त्यातलं थोडं पाणी एका नळीने डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत जातं. दुसऱ्या नळीने ते परत येतं. पंखा त्या जाळीवरून वारा फेकतो, म्हणून वारा गरम होतो. तेव्हा आधी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी बघायची. मग गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणायची, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि बॉनेटखाली त्या दोन नळ्यांना हात लावायचा. जपून, कारण त्या चटका देतात आणि पंखा जवळच फिरत असतो.

दोन्ही नळ्या कडकडीत गरम असतील तर गरम पाणी जाळीपर्यंत पोचतंय. मग दोष हवेच्या बाजूला, म्हणजे पंखा, झडप किंवा तार. एक गरम आणि दुसरी गार असेल तर पाणी मध्ये अडतंय. एक तर जाळी तुंबली आहे, किंवा नळीवरचा हीटरचा कॉक उघडत नाही. दोन्ही नुसत्याच कोमट असतील तर इंजिनच पुरेसं तापत नाही, नाहीतर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. गाडी उभी असताना वारा गार आणि रेस केल्यावर गरम, असं होत असेल तर पाणी कमी असण्याचा किंवा हवा अडकल्याचा संशय घ्यायचा. याच्या उलट, हायवेवर गार आणि उभ्या गाडीत बरा, असं होत असेल तर थर्मोस्टॅट बघायचा.

"तुझं कुठलं?" उस्तादांनी विचारलं. मी नळ्यांना हात लावला. दोन्ही कोमट. टेंपरेचरचा काटा नेहमीसारखा खाली.

थर्मोस्टॅट म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला नुसता 'वॉल' म्हणतात तो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरचं हे पितळी दार. इंजिन थंड असतं तोवर ते बंद राहतं आणि पाणी इंजिनातच फिरतं. पाणी साधारण ८२ अंशाला आलं की आतली मेणाची गोळी फुगते, दार ढकलते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. उस्तादांनी त्याचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. दार अडकलं नव्हतं, मोडलं नव्हतं. कुणीतरी ते काढूनच टाकलं होतं.

उस्ताद हसले. म्हणाले, "ज्या मिस्त्रीने हे काढलं त्याने फक्त उन्हाळा पाहिला." चार वर्षांपूर्वी ज्या काट्याकडे बोट दाखवून मला गाडी विकली गेली, तो खाली का राहायचा ते आता कळलं. ज्याला मी गाडीचा गुण समजत होतो तोच तिचा आजार होता. वॉल काढला म्हणजे इंजिन सुरक्षित झालं असं नाही. गार चालणारं इंजिन पेट्रोल जास्त पितं, तेलात ओल साचते, झीज वाढते. इंजिन खरंच तापत असेल तर रेडिएटर, पंखा, पंप बघायचा असतो. वॉल काढणं म्हणजे ताप मोजायला नको म्हणून थर्मामीटर फेकून देणं.

मी हसू शकलो नाही. कारण वॉल काढायला मी लहानपणीच शिकलो होतो, आणि तेही अब्बांकडून. अब्बा चिपळूण-कराड वडापची जीप चालवायचे. कुंभार्ली घाटात भरलेली जीप चढताना पाणी उकळायचं. एका उन्हाळ्यात त्यांनी वॉल काढला आणि मला म्हणाले, "गाडी थंड तर ड्रायव्हर थंड." ते वाक्य मी आयुष्यभर खरं मानत आलो होतो.

नवा वॉल घेतला. उस्ताद म्हणाले, नवा असला तरी बसवण्याआधी पातेल्यात तपासून घे. म्हणून रात्री घरी जुन्या पातेल्यात पाणी ठेवलं, वॉल दोऱ्याला बांधून त्यात सोडला आणि माझा कामावरचा थर्मामीटर बुडवला. अम्मी पायाला पट्टी बांधून स्टुलावर बसून बघत होती. ८० अंशापर्यंत काही झालं नाही. ८२च्या पुढे गेल्यावर पितळी दार हळूहळू वर उचललं गेलं.

"हे तर तुझ्या अब्बांच्या बिस्किटाच्या डब्यात आहे," अम्मी म्हणाली.

मला तो डबा आठवला. स्क्रू, नट, तुटकी किल्ली आणि एक पितळी गोल चकती. ती मी भोवरा म्हणून फिरवायचो.

"फेकला नव्हता त्यांनी?" मी विचारलं.

"कसला फेकतात! थंडीत पहाटे जीप चालू करताना नुसता धूर व्हायचा. तापायलाच मागायची नाही. दर थंडीत म्हणायचे, यंदा वॉल परत बसवतो. मग उन्हाळा यायचा. राहून गेलं."

मी गॅस बंद केला. अब्बांनी मला अर्धं वाक्य सांगितलं होतं आणि उरलेलं अर्धं डब्यात ठेवलं होतं, असं मला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी वॉल बसवला. त्याच्या कडेला एक छोटी हलणारी पिन असते, ती वर ठेवायची, म्हणजे हवा निघून जाते. गाडी फिरवून आणली. काटा आयुष्यात पहिल्यांदा मध्यावर आला. मला सवय नव्हती, जरा भीतीच वाटली. वारा आधीपेक्षा गरम झाला, पण म्हणावा तसा नाही. पुन्हा नळ्यांना हात लावला. आता एक कडक गरम आणि दुसरी जेमतेम कोमट. पहिला दोष गेल्यावर त्याच्याखालचा दुसरा दिसला.

हीटरच्या कॉकची तार क्लिपमधून सरकली होती, त्यामुळे कॉक अर्धाच उघडत होता. ती जागेवर बसवली. मग थंड इंजिनावर जाळीच्या दोन्ही नळ्या सोडवल्या आणि बागेच्या पाइपने हलक्या जोराने पाणी सोडलं. आधी उलट्या दिशेने, मग सरळ. जोर लावायचा नाही, जुनी जाळी फुटते. आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग पांढरट खपल्या. अम्मी खिडकीतून म्हणाली, "ही तर किटलीतली कीट." बरोबर होतं तिचं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं होतं. त्यातला चुना आणि इंजिनातला गंज जाळीत बसला होता. पाणी स्वच्छ येईपर्यंत अर्धा तास गेला. जाळी गळत नव्हती हे नशीब. गळत असती तर पायाखालचं कार्पेट ओलं झालं असतं, गोडसर वास आला असता आणि काचेवर चिकट धुकं धरलं असतं. मग ती बदलण्याशिवाय उपाय नसतो.

शेवटी निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं. गाडीचं तोंड चढावर ठेवून, झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू केलं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. हे इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नये. त्या वाफेने तोंड-हात भाजतात. काढलेलं जुनं कूलंट मी बंद कॅनमध्ये भरलं. ते चवीला गोड पण विषारी असतं, म्हणून लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरात उघडं ठेवायचं नसतं.

दुरुस्तीआधी हीटरच्या जाळीतून येणारा वारा मी मोजला होता, २९ अंश. त्या संध्याकाळी तो ५८ अंश होता. वॉल, क्लिप आणि कूलंट मिळून जो खर्च आला, तो मी उगाच आणलेल्या मोटरपेक्षा कमी होता. उस्तादांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत. अम्मीने त्यांना मेतकुटाची बरणी पाठवली.

पाय भरून यायला जवळपास पाच आठवडे लागले. फेब्रुवारीत आम्ही पहाटे चारला जेद्दासाठी निघालो. बाहेर दोन अंश होते. हीटरचा वारा मी काचेकडे आणि वर ठेवला, अम्मीच्या पायांकडे नाही. तैमा यायच्या आधी मागून आवाज आला.

"काच जरा खाली कर रे. उकडतंय."

मी काच दोन बोटं खाली केली. विमानाच्या आधी एक दिवस मक्केत थांबलो. त्या वेळी अम्मीने तवाफ पायी केला, माझ्या खांद्यावर हात ठेवून, सावकाश.

चिपळूणला पोचल्यावर चार दिवसांनी तिचा फोन आला. "तो डबा सापडला. वॉल आहे त्यात. मी पाण्यात उकळून बघितला."

"मग? उघडला?"

"अर्धाच उघडला. अडकतोय कुठेतरी. पण उघडला."

मी थोडा वेळ काही बोललो नाही. मग म्हटलं, "अम्मी, ते पातेलं आता स्वयंपाकाला घेऊ नकोस हं."